ईश्वरविज्ञान शिकताना विश्वास जातो का?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे पदवीधर आहेत, संडेस्कूलपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले. ईश्वरविज्ञानाचा (थिऑलॉजीचा) प्राथमिक अभ्यासक्रम नुकताच सुरू केला आहे. पहिल्याच सत्रात त्यांच्या कानावर तीन गोष्टी पडल्या: जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं मोशेने एकहाती लिहिलेली नाहीत, शुभवर्तमानं येशूनंतर काही दशकांनी लिहिली गेली, आणि त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) चौथ्या शतकात शब्दांत बांधला गेला. घरची वडीलधारी माणसं म्हणतात, ही विद्या विश्वास खाते. ऑफिसातले मित्र म्हणतात, डार्विननंतर कसलं आलंय ईश्वरविज्ञान? मग सुरुवात कुठून करावी, आणि हा विषय आधुनिक जगासमोर खरंच टिकतो का?

मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. मित्रांचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला. त्यानंतर चर्च आणि विज्ञान यांची जी कुस्ती झाली असं आपण ऐकतो, ती तशी सरळ झालीच नाही. चार्ल्स किंग्स्ली हे इंग्लंडमधले अँग्लिकन धर्मगुरू. त्यांनी डार्विनला लगेच अनुकूल पत्र लिहिलं. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा श्रद्धावान ख्रिस्ती होता. आणि ज्या प्रिन्स्टनच्या बी. बी. वॉरफिल्ड यांनी पवित्र शास्त्र मुळात निर्दोष आहे या मताची सगळ्यात कडक मांडणी केली, त्यांनाही उत्क्रांतीला जागा देता येते असं वाटत होतं. शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर अमेरिकेत, टेनेसीतल्या डेटन गावी, चाललेला तो गाजलेला खटला १९२५चा. म्हणजे भांडण खरं पेटायला साठ-पासष्ट वर्षं जावी लागली, आणि पेटलं तेव्हा त्यात जीवशास्त्राइतकाच सरकारी शाळांवर हुकूम कुणाचा हाही प्रश्न होता.

त्याहून जुनं उदाहरण ऑगस्टीन या बिशपचं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्ती या पवित्र शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकावर भाष्य लिहिताना त्याने म्हटलं की ते सहा दिवस आपल्या सूर्याने मोजायचे दिवस नव्हेत. आकाश, तारे, ऋतू यांबद्दल शास्त्रवचनांच्या आधाराने वाटेल ते बरळणाऱ्या ख्रिस्ती लोकांची त्याने तिथेच खरडपट्टी काढली आहे. जाणकार परक्या माणसासमोर तुम्ही अशी बडबड केलीत, तर तो तुमचं पुनरुत्थान तरी का ऐकेल, असा त्याचा रोख. कार्ल बार्थ या विसाव्या शतकातल्या स्विस ईश्वरविज्ञान्याला त्याच्या भावाच्या नातीने १९६५ मध्ये हाच प्रश्न विचारला होता. त्याने उत्तर लिहिलं: उत्पत्तीची कथा आणि उत्क्रांतीचा सिद्धांत यांची तुलना म्हणजे चर्चमधला ऑर्गन आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर यांची तुलना. मित्रांना एवढं पुरे. ते खरंच वाचणारे असतील तर पुढे बोलतील.

तुम्हाला सत्रात जे खुपलं त्यात मात्र डार्विन कुठेच नव्हता, हे लक्षात घ्या. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कधी ठरलं, हे सगळे इतिहासाचे प्रश्न आहेत. आधुनिक काळात ख्रिस्ती विचाराला सगळ्यात खोल धक्का दिला तो इतिहासाने. कारण उघड आहे. आपला विश्वास घडलेल्या गोष्टींवर उभा आहे. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना आपण एका रोमन सुभेदाराचं नाव घेतो: पंतय पिलात. मंडळी स्वतःच तारीख-वार घेऊन उभी राहते म्हटल्यावर इतिहासकार दार ठोठावणारच.

ते दार पहिल्यांदा जोरात ठोठावलं गेलं अठराव्या शतकातल्या जर्मनीत. हॅम्बर्गमधले भाषांचे प्राध्यापक रायमारुस आयुष्यभर सभ्यपणे उपासनेला जात राहिले आणि घरी गुपचूप हजारो पानं लिहीत राहिले. त्या पानांतला येशू राजकीय मसीहा होऊ पाहणारा आणि हरलेला, आणि पुनरुत्थानाची गोष्ट शिष्यांनी रचलेली. १७६८ मध्ये ते वारले. नंतर लेसिंग या नाटककाराने, जो तेव्हा वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता, त्यातले तुकडे लेखकाचं नाव न देता छापले. गदारोळ झाला. पण मला लेसिंगचं स्वतःचं म्हणणं रायमारुसपेक्षा जास्त बोचरं वाटतं. १७७७ मध्ये त्याने लिहिलं: समजा सगळं जसंच्या तसं घडलं, तरीही घडलेल्या गोष्टीवरून सार्वकालिक सत्य सिद्ध होत नाही. या दोहोंमध्ये एक रुंद, ओंगळ चर आहे, आणि आपल्याला तो ओलांडता येत नाही. पुढच्या दोनशे वर्षांचं युरोपीय ईश्वरविज्ञान हा बहुतांशी त्या चराशी केलेला झगडा आहे. अभ्यासक्रमात नावांची जंत्री येईल तेव्हा हे धरून बसा. प्रत्येकाला विचारा: चराचं काय केलंस?

आता ती जंत्री सोडून मी तुम्हाला आफ्रिकेत नेते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट तळटीपेत असते. माझ्या मते ती मुख्य मजकुरात हवी.

जॉन विल्यम कोलेन्सो हे नाताळचे, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रज वसाहतीचे, पहिले अँग्लिकन बिशप. मूळचा माणूस गणिती. अंकगणित आणि बीजगणितावरची त्यांची पाठ्यपुस्तकं इंग्लंडच्या शाळांत चालत. नाताळमध्ये ते झुलू शिकले, व्याकरण आणि शब्दकोश तयार केला, आणि विल्यम एन्गिदी या झुलू सहकाऱ्याच्या मदतीने पवित्र शास्त्राचा अनुवाद सुरू केला. जलप्रलयाची कथा चालली असताना एन्गिदींनी विचारलं: हे सगळं खरं आहे? गरम मुलखातले, थंड मुलखातले, सगळे प्राणी जोडीजोडीने तारवात आले? आणि त्या सगळ्यांसाठी, मांस खाणाऱ्यांसाठीसुद्धा, नोहाने अन्न साठवलं? कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. परमेश्वराच्या नावाने खोटं बोलावं काय, हे संदेष्ट्याचं वचन त्यांना आठवलं आणि त्यांची जीभ रेटेना.

मग गणिती जागा झाला. १८६२ पासून त्यांनी पंचग्रंथाची, म्हणजे त्या पहिल्या पाच पुस्तकांची, चिकित्सा खंडाखंडाने छापायला सुरुवात केली. निर्गमात म्हटलंय की मिसरातून बायकामुलं सोडून सुमारे सहा लाख पुरुष निघाले. म्हणजे सगळे मिळून वीस लाखांवर. लेवीय सांगतं की सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या दारापाशी जमली. दाराची रुंदी मोजा, माणसांच्या रांगा मांडा: जमतच नाही. इतक्या लोकांचे सगळे यज्ञ करायला याजक किती, तर अहरोन आणि त्याचे दोन मुलगे, एलाजार आणि इथामार. पानामागून पान असा हिशेब. लंडनमध्ये थट्टा झाली की बिशप झुलूंना बाटवायला गेला आणि झुलूनेच त्याला बाटवलं. केपटाउनचे मुख्य बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ मध्ये त्यांना पदच्युत केलं. कोलेन्सो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत गेले आणि ग्रे यांना तसा अधिकारच नव्हता असा निकाल १८६५ मध्ये मिळवला. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ मध्ये भरली, त्यामागे हे प्रकरणही होतं.

कोलेन्सोंचं अंकगणित बरोबर होतं. पण अंकगणितानंतर काय, याला त्यांच्या चिकित्सेत पुरेशी जागा नाही. मूठभर गुलामांची गोष्ट सांगणाऱ्या लोकांनी तिच्यात सहा लाखांचा आकडा का ठेवला, तो आकडा ऐकणाऱ्या हरलेल्या, विखुरलेल्या लोकांना काय देत होता, हे प्रश्न पुढच्या पिढ्यांनी विचारले. कोलेन्सोंकडे त्यांचं उत्तर शोधू नका. त्यांच्या आयुष्यात मात्र वेगळंच उत्तर दिसतं. १८७०च्या दशकात लांगालिबालेले या प्रमुखावर वसाहत सरकारने अन्यायाने खटला चालवला तेव्हा गोऱ्या समाजाचा रोष ओढवून घेऊन हा बिशप त्याच्या बाजूने उभा राहिला. १८७९ मध्ये इसान्डल्वानाला झुलूंनी इंग्रज फौज कापून काढली आणि सगळी वसाहत सूडाने पेटली. तेव्हा कोलेन्सोंनी प्रवचनाला वचन घेतलं मीखाचं: न्यायाने वाग, दयेवर प्रीती कर, देवाबरोबर नम्रपणे चाल. झुलू त्यांना सोबान्तू म्हणत, लोकांचा बाप. मोशेच्या आकड्यांवर विश्वास नसलेला माणूस संदेष्ट्याच्या शब्दाला असा चिकटून राहिला. विश्वास गेला की राहिला, हे तुम्हीच ठरवा.

ही गोष्ट लांबवली कारण मला जे सांगायचंय ते तिच्यात आहे. ख्रिस्ती विचाराची आधुनिक जगाशी गाठ जर्मन विद्यापीठांत पडली असं अभ्यासक्रम शिकवतो. ते अर्धंच खरं. कोलेन्सोंनी जर्मन ग्रंथही मागवून वाचले, पण प्रश्न त्यांना टोचला तो नव्याने विश्वास ठेवणाऱ्या, कथा पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाच्या तोंडून. शतकानुशतकं ऐकून ज्यांचे कान बोथट झालेत त्यांना तारवातलं वाघाचं जेवण आठवत नाही.

आपल्याकडेही हे घडलं आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. कोलेन्सो वारले त्याच वर्षी, काही महिन्यांनी. आपण रमाबाईंच्या मुक्ती मिशनबद्दल बोलतो, केडगावबद्दल बोलतो, विधवांसाठी केलेल्या कामाबद्दल बोलतो. ईश्वरविज्ञानाच्या वर्गात मात्र त्यांचं नाव क्वचितच निघतं, आणि हे मला खटकतं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी १८८५च्या सुमारास त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला. इंग्रजीत आहे. मिळवून वाचा.

त्या पत्रांत रमाबाई त्रैक्याचा सिद्धांत तपासतात. येशू देवाचा पुत्र हे मान्य, पण ज्या बारीक सूत्रांत चर्चने ते बांधलंय ती सूत्रं शास्त्रात कुठे आहेत? मरीयेच्या कौमार्याबद्दल, चमत्कारांबद्दल शंका. आणि सगळ्याच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न. ब्राह्मण पुरोहितांचं जोखड आपण मोठ्या कष्टाने आत्ताच झुगारलंय. धर्मगुरूंकडून जे येईल ते देवाचीच आज्ञा समजून मानायचं, हे तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला आपण तयार नाही, असं त्या स्वच्छ सांगतात. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कोरलेली होती तर त्यांनी हरकत घेतली. आपल्या लोकांना न कळणारं लॅटिन कशाला, संस्कृत का नको? सिस्टर जेराल्डीनना हा अहंकार वाटला. मला तो ईश्वरविज्ञानाचा पहिला धडा वाटतो. ज्या प्रश्नाला युरोपात प्रबोधनाचा प्रश्न म्हणतात, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या बुद्धीने समजून घेण्याचा, तो इथे विशीतून तिशीकडे झुकलेली एक मराठी विधवा एका इंग्लिश मठाला विचारते आहे. आणि पुराणांचा, पुरोहितशाहीचा स्वतः अनुभव घेऊन विचारते आहे, त्यामुळे तो जर्मन प्राध्यापकांच्या प्रश्नापेक्षा जास्त नेमका आहे.

पुढे त्या त्रैक्यविरोधी झाल्या नाहीत. त्यांचा अनुभव १८९०च्या दशकात वेगळ्या, अधिक भावोत्कट वळणाने गेला, आणि १९०५ मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक संजीवन झालं. पण बुद्धी त्यांनी गहाण ठेवली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठीत पवित्र शास्त्राचा अनुवाद करण्याचं काम त्या १९२२ मधल्या मृत्यूपर्यंत करत राहिल्या. सूत्रं शास्त्रात कुठे आहेत असं विचारणाऱ्या बाईने शेवटी शास्त्रच मुळातून उलगडायला घेतलं.

आता तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे, त्रैक्य चौथ्या शतकातलं. हो, शब्द तेव्हाचे आहेत. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नाइसियाला बिशपांची परिषद बोलावली. वाद अलेक्झांड्रियाच्या अरियस या धर्मगुरूवरून. त्याचं म्हणणं, पुत्र थोर खरा, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण तोही निर्माण केलेलाच. परिषदेने ठरवलं: पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. गंमत म्हणजे हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, आणि तो मान्य करताना कितीतरी बिशप अवघडले होते. म्हणजे रमाबाईंची हरकत नाइसियाच्या सभागृहातही होती.

पण शब्द उशिरा आले म्हणून श्रद्धाही उशिरा आली असं होत नाही. पौलाची पत्रं पन्नासच्या दशकातली, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं ते स्तोत्र येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकायला लावतं. इसवी सन ११२च्या आसपास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. उपासना आधीपासून चालू होती, सूत्र मागाहून आलं. अरियसचा कट्टर विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस, याचा युक्तिवाद त्या उपासनेतूनच निघतो: पुत्र निर्माण केलेला असेल, तर एका प्राण्याने दुसऱ्या प्राण्याला तारलं असं होईल. मग आपण इतकी वर्षं कुणापुढे गुडघे टेकतोय? परिषदेचं राजकारण होतंच, सम्राटाला साम्राज्यात शांतता हवी होती. ते लपवू नये. पण राजकारणाने प्रश्न पेटवला नव्हता. शिवाय नाइसियाच्या लोकांसाठी ग्रीक तत्त्वज्ञान हेच त्यांचं आधुनिक जग होतं. त्यांनी त्याचे शब्द उचलले आणि त्यात न मावणारी गोष्ट त्यात कोंबली, म्हणून ते सूत्र इतकं अवघड वाटतं.

एक परीक्षेच्या उपयोगाची गोष्ट इथेच सांगते. आधुनिक विचारवंत त्रैक्य कुठे ठेवतो ते बघा. श्लायरमाखर या जर्मन ईश्वरविज्ञान्याने १७९९ मध्ये बर्लिनमधल्या धर्माला नाकं मुरडणाऱ्या शिकलेल्या लोकांना सांगितलं की धर्म म्हणजे ज्ञानही नव्हे, नीतीही नव्हे. पुढे त्याने त्याला नाव दिलं, सर्वस्वी अवलंबून असल्याची जाणीव. लेसिंगचा चर त्याने असा टाळला: आत, जाणिवेत उतरून. त्याच्या मोठ्या ग्रंथात त्रैक्य अगदी शेवटी येतं, कारण ते जाणिवेत थेट सापडत नाही. (तत्त्वज्ञ हेगेलने टोमणा मारला होता की अवलंबून असण्याची जाणीवच धर्म असेल तर कुत्रा सगळ्यात चांगला ख्रिस्ती ठरेल.) बार्थने १९३२ पासून आपला प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला आणि त्रैक्य पहिल्याच खंडात मांडलं. देव बोलला, यापासून सुरुवात. बोलणारा कोण, हे त्रैक्यात सांगितलं आहे. मध्ये शंभर वर्षांत काय झालं, याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं: ऑगस्ट १९१४.

बार्थ तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या झाफेनविल या गिरणीकामगारांच्या गावात पाळक होता. महायुद्ध सुरू झालं आणि त्र्याण्णव जर्मन विचारवंतांनी कैसरच्या युद्धाला पाठिंबा देणारं पत्रक काढलं. त्यावर हार्नाक आणि हेरमान यांच्या सह्या होत्या, ज्यांच्या हाताखाली बार्थ शिकला. जाणिवेत उतरलेला देव युद्धाच्या वेळी राष्ट्राच्या जाणिवेत सहज विरघळला. बार्थने रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिलं, १९१९ मध्ये, मग १९२२ मध्ये ते जवळजवळ नव्याने. त्यात त्याने ऐतिहासिक चिकित्सा फेकून दिली नाही. ती प्राथमिक तयारी आहे आणि तिचं काम तिथे संपतं, असं म्हटलं. जर्मन मंडळ्या हिटलरच्या मागे जाऊ लागल्या तेव्हा मे १९३४ मध्ये बार्मेनला जो जाहीरनामा झाला तो मुख्यतः बार्थच्या लेखणीतला: ऐकायचा शब्द एकच, येशू ख्रिस्त. नेता, रक्त, माती यांतून देव वेगळं काही बोलत नाही. ताकदीचा दस्तऐवज आहे. ज्यूंबद्दल त्यात एक ओळ नाही, आणि तेही तितकंच लक्षात ठेवा. बार्थने पुढे स्वतः ही उणीव मान्य केली.

बॉनहोफर याच लढ्यातला तरुण पाळक. टेगेलच्या तुरुंगातून १९४४ मध्ये त्याने लिहिलं की आपल्या ज्ञानात जिथे भोक आहे तिथे देव भरायचा, हा धंदा बंद करा. ज्ञान वाढतं तसा असा देव मागे सरकत जातो. देव आपल्या ठाऊक गोष्टींत भेटायला हवा. एप्रिल १९४५ मध्ये फ्लॉसेनब्युर्गला त्याला फाशी दिलं. डार्विनवाल्या मित्रांना द्यायचं खरं उत्तर या पत्रांत आहे, ऑर्गन-व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा बरंच गंभीर.

कॅथलिक बाजू थोडक्यात. एकोणिसाव्या शतकापासून रोमने दार बंद करत आणलं: १८६४ मध्ये चुकीच्या मतांची यादी, १९०७ मध्ये आधुनिकतावादाचा निषेध, १९१० पासून धर्मगुरूंना आधुनिकतावादविरोधी शपथ, जी १९६७ पर्यंत चालली. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी शास्त्राच्या चिकित्सक अभ्यासाला मोकळीक दिली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६२ ते १९६५, दार उघडलं. वसईत मिस्सा मराठीत ऐकू येते ती याच परिषदेमुळे. माझं शिक्षण प्रोटेस्टंट परंपरेतलं, म्हणून इतकंच. तुमच्या गावात कुणी जाणते फादर असतील तर त्यांच्याकडून ऐका.

सुरुवात कुठून? वादाच्या व्हिडिओंपासून नको, दोन्ही बाजूंच्या. मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत, मोठ्याने, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपर्यंत वाचा. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते तिथेच थांबतं, भ्यालेल्या स्त्रियांपाशी. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. मग प्रेषितांचा मतांगीकार, आणि त्यात येशूच्या जन्मानंतर एकदम पिलात येतो, मधली शिकवण, बरे करणं, पंगती सगळं गळालंय, हे बघा. अथानेशियसचं देहधारणावरचं छोटं पुस्तक त्यानंतर. आधुनिक लेखकांतला एकच धरा, बॉनहोफर किंवा बार्थ, आणि त्याचंच वाचा. त्याच्यावर लिहिलेलं मागाहून.

वाचताना वहीत तीन रकाने करा: मजकूर काय म्हणतो, इतिहासकार काय म्हणू शकतो, मंडळी काय कबूल करते. पुनरुत्थान घ्या. पौल म्हणतो की मलाही जे सांगितलं गेलं तेच मी तुम्हाला सांगितलं, आणि दर्शन झालेल्यांची नावं देतो. इतिहासकार म्हणू शकतो की ही परंपरा पौलाच्याही आधीची, म्हणजे घटनेनंतर थोड्याच वर्षांतली, आणि आपल्याला येशू दिसला यावर हे लोक मनापासून विश्वास ठेवत होते. देवाने येशूला उठवलं, हे इतिहासकाराला त्याच्या साधनांनी म्हणताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. ते तिसऱ्या रकान्यात. बहुतेक भांडणं एका रकान्यातलं दुसऱ्यात लिहिल्यामुळे होतात, आणि विश्वासू लोक ते जितकं करतात तितकंच अविश्वासूही.

विश्वास जातो का? काहींचा जातो, लपवत नाही. माझ्या पाहण्यात बहुधा त्यांचा, ज्यांना लहानपणी सांगितलेलं असतं की मोशेने शेवटचा शब्दसुद्धा स्वतः लिहिला नसेल तर येशूही खोटा. असं सगळं एका खुंटीला टांगून ठेवणाऱ्यांनी नंतर विद्येला दोष देऊ नये. घरच्यांना हे याच शब्दांत सांगू नका मात्र. आणि पहिल्या प्रवचनात वर्गातल्या टिपणांची पोतडी रिकामी करू नका. मंडळीतल्या आजीने तिच्या आयुष्यातल्या अर्ध्या आपत्ती त्या वचनांवर पार केलेल्या असतात. तिला आधी ऐका.

शेवटी एक वाचन जोडते, कारण प्राथमिक अभ्यासक्रमात ते बहुधा नसेल. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी एक व्याख्यान दिलं, ज्यातून दलित ईश्वरविज्ञानाची वाट निघाली. त्यांचा आक्षेप सरळ होता: भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यात रमला, पण इथल्या मंडळीत बसलेली बहुसंख्य माणसं दलित आहेत, त्यांचा प्रश्न कुणी विचारला? पुढच्या लेखनात त्यांनी आधार घेतला तो पंचग्रंथातल्या ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायाचा: माझा बाप भटका अरामी होता, मिसऱ्यांनी आम्हाला छळलं, आम्ही हाक मारली आणि परमेश्वराने ऐकली. हा मजकूर मोशेचा की नंतरच्या कुणाचा, हा प्रश्न तिथेही विचारता येतो, विचारावाही. पण ज्याचे आजोबा गावकुसाबाहेर राहिले त्याला त्यात आधी दिसते ती आपल्या बापाची गोष्ट. महाराष्ट्रातल्या आपल्या किती मंडळ्यांत हेच घर आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. रमाबाईंची १८८५ची पत्रं आणि निर्मल यांचं हे लेखन शेजारी ठेवून वाचा. तुमच्या सत्राचा निबंध यातूनच लिहायला घ्या. रमाबाई अधिकाराबद्दल विचारतात, निर्मल हाकेबद्दल. दोघांनाही नाइसियाचं सूत्र पुरतं का, यावर मला तुमचं मत वाचायला आवडेल.